मधले वीस

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. त्यानंतर वडिलांनी पाटी काढून घेतली आणि मैद्याच्या परातीसमोर बसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आकडे येणार आहेत, आणि वाचणारा म्हणेल की या बेकरीवाल्याला हे कोणी शिकवलं. माझ्या सुनेनं शिकवलं. म्हणजे तिनं सांगितलं, मी विश्वास ठेवला नाही, आणि तिला खोटं पाडायला स्वतः करून बघत बसलो तेव्हा समजलं.

आमची बेकरी भवानी पेठेत. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण चार इयत्तांत अक्षर शिकलो ते मराठी, म्हणून लिहितो मराठीत. पाव, टोस्ट सगळेच करतात. आमचं नाव नानकटाईवर. दिवाळी आली, ईद आली की लोक घरून मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन येतात आणि आम्ही त्यांच्यासमोर मळून, गोळे करून, भट्टीत भाजून देतो. आता हे पुण्याचं गिऱ्हाईक. तूप घरी कढवलेलं. ते दुसऱ्याच्या हातात देऊन गिऱ्हाईक घरी जाईल होय? "विश्वास आहे हो तुमच्यावर," असं म्हणायचं आणि तिथेच उभं राहायचं. विश्वास असता तर स्टूल मागितलं नसतं.

म्हणून वडिलांनी एक रीत पाडली होती. एका पत्र्यावर चाळीस गोळे. गोळा पंचवीस ग्रॅमचा. म्हणजे पत्रा भरला की बरोबर एक किलो. प्रत्येक पत्रा भट्टीत जायच्या आधी गिऱ्हाइकासमोर काट्यावर ठेवायचा. रिकाम्या पत्र्याचं वजन वगळून काटा किलोवर थांबला की गिऱ्हाईक मान हलवणार, मग पत्रा आत. कुणाचं चमचाभर तूप गेलं असं कुणी म्हणायला नको.

गोळे मी तोडायचो. हातानं, न तोलता. मळलेल्या पिठातून अंगठा आणि दोन बोटं घालून गोळा तोडायचा, तळव्यावर एकदा फिरवायचा, पत्र्यावर ठेवून मधे अंगठ्यानं दाबायचा. चाळीस झाले की पत्रा काट्यावर. किलो. दुसरा पत्रा, किलो. लोक बघत राहायचे. एक मास्तर दर दिवाळीला यायचे, ते म्हणायचे, "तुमच्या हातात काटा आहे." मी काही बोलायचो नाही. खरं आहे त्यावर काय बोलायचं?

वडील गेले, मुलगा हाताशी आला, त्याचं लग्न झालं. सून शिकलेली मिळाली. वाघोलीच्या एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवते. स्वारगेटवरून बस पकडून सकाळी जाते, संध्याकाळी येते. मी एकदा विचारलं, "संख्याशास्त्र म्हणजे काय शिकवतेस?" म्हणाली, "आकडे बघून खरं काय ते ओळखायचं." मी म्हटलं, "आमच्या धंद्यात माणूस बघून ओळखतात." ती हसली. ते हसणं मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

एका वर्षी दिवाळीच्या आधी पेठेतल्या एक बाई नानकटाईचा डबा परत घेऊन आल्या. गल्ल्यावर ठेवला, झाकण उघडलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो. घरात नऊ माणसं आहेत. काहींना करपलेली मिळाली, काहींना आतून कच्ची. ज्यांना बरी मिळाली ते गप्प आहेत. बाकीच्यांची तोंडं कोण बंद करणार? म्हटलं तुम्हीच करा."

मी डबा बघितला. लहान नानकटाई कडेनं काळी पडली होती. मोठी मधे बोटानं दाबली तर चिकट. एकाच पत्र्यावरच्या, एकाच भट्टीतल्या.

"तुमचं तूप पातळ असेल," मी म्हटलं.

"तूप गेली वीस वर्षं तेच आहे. मी पण तीच आहे," बाई म्हणाल्या. पुढचं बोलल्या नाहीत, पण बोट दाखवल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

त्या गेल्यावर मुलगा म्हणाला, "अब्बा, गोळे लहानमोठे होतायत."

"पत्रा किलोचा भरतो का नाही?"

"भरतो."

"बाई समोर उभ्या होत्या. काटा त्यांनी बघितला का नाही?"

"बघितला."

"मग भट्टी बघ. भट्टी तुझ्याकडे आहे."

तो गप्प बसला. माझा मुलगा गप्प बसला की मला संशय येतो, कारण तो आईवर गेलाय आणि ती गप्प बसायची तेव्हा काहीतरी ठरवलेलं असायचं. दोन दिवसांनी गल्ल्याखाली पिशव्या शोधताना एक रंगीत कागद सापडला. त्यावर यंत्राचं चित्र. वरून पीठ टाकायचं, खालून सारखे गोळे. त्याच आठवड्यात मुलगा टेप घेऊन भिंत मोजताना दिसला. ती भिंत म्हणजे माझ्या टेबलामागची. जिथे मी बसतो तिथली. मी विचारलं, "काय मोजतोस?" "रंग द्यायचाय," म्हणाला. रंगाला कोण टेप लावतं?

मग रविवारी सून खाली आली, हातात छोटा काटा. ग्रॅमवर चालणारा, आकडे दिसणारा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोघांनी मिळून ठरवलंय. मुलाला तोंडावर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून शिकलेली बायको पुढे केलीय.

"अब्बा, एक पत्रा मोजू?" ती म्हणाली.

"पत्रा रोज मोजतो आपण."

"पत्रा नाही. एकेक गोळा."

मी काटा हातात घेऊन उलटासुलटा बघितला. शेजारच्या सोनाराकडून छोटी वजनं मागवली, पाच ग्रॅमचं, दहाचं, वीसचं. सगळी ठेवून बघितली. काटा खरा होता. तेव्हा म्हटलं, "मोज. पण हात लावायचा तो माझ्यासमोर."

सकाळचा पहिला पत्रा. तिनं चाळीस गोळे एकेक तोलले आणि लाकडी फळीवर रांगेत मांडले, सगळ्यात हलका डावीकडे, सगळ्यात जड उजवीकडे. शाळेत उंचीप्रमाणे उभं करतात तसं. हलका निघाला एकोणीस ग्रॅमचा. जड तेहतीसचा.

"चौदा ग्रॅमचा फरक," मुलगा लगेच म्हणाला. हेच ऐकायला तो उभा होता.

"थांबा हो," सून त्याला म्हणाली. तिनं दोन सुऱ्या घेतल्या. डावीकडून दहा गोळे मोजले आणि दहाव्या-अकराव्याच्या मधे एक सुरी आडवी ठेवली. उजवीकडून दहा मोजले, तिथे दुसरी. मधे वीस राहिले. "आता या दोन सुऱ्यांच्या मधलं बघा."

"का?" मी म्हटलं. "बाजूचे का काढलेस? माझ्या चुका झाकतेस? मला कुणाची मेहेरबानी नको."

"झाकत नाही, अब्बा. हा तेहतीसचा कधी तुटला असेल?"

मला आठवत होतं. दूधवाल्यानं हाक मारली तेव्हा मी मान वळवली होती. पण तिला कशाला सांगू?

"कुणी हाक मारली, शिंक आली, की एखादा गोळा वाकडा जातोच," ती म्हणाली. "त्या एका गोळ्यावरून चाळिसांचं काय सांगणार? सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड, हे दोघेच बोलतात आणि बाकीचे अडतीस गप्प. म्हणून चार वाटे करायचे, दहा-दहाचे. पहिला वाटा आणि शेवटचा वाटा बाजूला. मधल्या दोन वाट्यांत तुमचा रोजचा हात दिसतो." तिनं सुऱ्यांशेजारचे गोळे परत तोलले. "इथे चोवीस. इथे सव्वीस. निम्मा पत्रा दोन ग्रॅमच्या आत आहे. याला आम्ही आंतरचतुर्थक विस्तार म्हणतो."

नाव ऐकून मला हसू आलं. दोन ग्रॅमच्या गोष्टीला एवढं लांब नाव. पण दोन ग्रॅम ऐकून छाती वर झाली, ते खोटं कशाला बोलू. मुलाकडे बघितलं. "ऐकलंस? दोन."

"ऐकलं," तो म्हणाला.

पण सून काटा आवरेना. "बारावा पत्रा झाला की हाक मारा," म्हणाली आणि वर गेली. मला वाटलं, आधी गूळ दिला, आता काय देणार?

दुपारी तीनच्या सुमाराला बारावा पत्रा भरला. मी मुद्दाम कुणाकडे बघितलं नाही, कुणाशी बोललो नाही. मोठ्या काट्यावर ठेवला. एक किलो, ना कमी ना जास्त. मग हाक मारली.

तिनं परत एकेक तोलून रांग लावली. हलका अठरा, जड तेहतीस.

"पंधरा," मी तिच्या आधी म्हणालो. "सकाळी चौदा, आता पंधरा. बारा पत्र्यांनंतर एक ग्रॅम. एवढ्यासाठी वरून खाली आलीस?"

तिनं दहा गोळे मोजले, सुरी. दहा मोजले, सुरी. "अब्बा, तुम्हीच तोला."

मी डाव्या सुरीजवळचा तोलला. बावीस. उजव्या सुरीजवळचा तोलला. अठ्ठावीस. शेजारचेही तोलून बघितले. तेच.

"सहा," मुलगा हळू म्हणाला.

"त्यात दोन-चार वाकडे गेले असतील," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता थांबलो. कारण वाकडे तिनं आधीच बाजूला काढले होते. हे मधले होते. मला वाटलं होतं की वीस गोळे बाजूला काढून ती माझ्यावर मेहेरबानी करतेय. तिनं तर माझ्याकडची सबब काढून घेतली होती. दूधवाला, शिंक, हाक, सगळं त्या बाजूच्या विसांबरोबर गेलं. मधे फक्त माझा हात राहिला.

"पण पत्रा किलोचा आहे," मी म्हटलं.

"हो. किलोचाच आहे. एक बावीसचा गेला आणि एक अठ्ठावीसचा, तरी दोघं मिळून पन्नासच होतात. काटा पत्र्याचं वजन सांगतो, अब्बा. गोळे कसे पसरलेत ते सांगत नाही."

"हे तुम्ही दोघांनी ठरवून केलंत," मी म्हटलं. "यंत्र आणायचंय ना? कागद बघितलाय मी. भिंत मोजताना बघितलंय. आणा. पण त्यासाठी माझ्या हाताला खोटं ठरवू नका."

मुलगा खाली बघायला लागला. सून मात्र माझ्याकडे बघत म्हणाली, "यंत्राचा कागद आहे, हे खरं. यांनी मला दाखवला. मी म्हटलं, मोजल्याशिवाय अब्बांना उठवायचं नाही. आणि मोजून ते बरोबर निघाले तर तुम्ही तो विषय काढायचा नाही."

"मग काय निघालो मी?"

"सकाळी दोन निघालात. दुपारी सहा."

मी काटा उचलला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. "हा माझ्याकडे राहील," म्हटलं. "समोर कुणी मोजत असलं की हात बिघडतो. नवरी मुलगी पोहे देताना सांडते, तेव्हा रोज सांडते असं कुणी म्हणत नाही."

पुढचे आठ-दहा दिवस मी तिला खोटं पाडायच्या मागे होतो. मुलगा जेवायला वर गेला की काटा काढायचो. मागचं दार लावायचो. एक पत्रा तोलायचा, फळीवर रांग, दहा इकडे, दहा तिकडे, दोन सुऱ्या. पहिल्या दिवशी चौथा पत्रा मोजला: दोन. मनात म्हटलं, बघ. दुसऱ्या दिवशी नववा: पाच. तिसऱ्या दिवशी परत नववा, या वेळी आधी चहा घेऊन, पाठ टेकून: पाच. सहावा मोजला, तीन. सातवा, पाच. दुसऱ्या दिवशी परत सातवा, पाच. सहाव्यापर्यंत हात माझा होता. सातव्यापासून कुणा दुसऱ्याचा. मोठा काटा मात्र प्रत्येक पत्र्याला किलो म्हणत होता. चाळीस वर्षं ज्याच्या साक्षीवर मी मान ताठ ठेवली तो साक्षीदार एवढंच बघत होता.

मग मी तोडताना स्वतःच्या हाताकडे बघायला लागलो. हे मी कधी केलंच नव्हतं. लहानपणी वडिलांनी सांगितलं होतं, गोळा बघू नकोस, पत्रा बघ. तर हाताची खोड दिसली. एक गोळा जरा लहान गेला की पुढचा हात आपोआप जरा मोठा तोडतो. मी सांगत नाही त्याला, तो आपला आपण हिशेब जुळवतो. पत्रा तोलायची रीत होती म्हणून हातानं पत्रा सांभाळायला शिकून घेतलं. गोळा सांभाळायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तरुणपणी चूक गव्हाएवढी व्हायची, भरपाईही गव्हाएवढी. आता दुपारनंतर बोटं जड होतात, चूक सुपारीएवढी होते आणि भरपाईही तेवढीच. पत्रा किलोचा. लहान करपतो, मोठा कच्चा राहतो. चोरीचा आळ येऊ नये म्हणून पाडलेली रीत मी कसबाचा दाखला समजून बसलो होतो.

दिवाळीच्या घाईत शेवटचे एक-दोन पत्रे मुलगा करायचा; एका दुपारी त्यानं केलेला पत्राही गुपचूप मोजला. चार निघाला. दुसऱ्या दिवशी त्याचा शेवटचा मोजला, चार. त्याचा हात माझ्या सकाळच्या हाताइतका कधी होणार नाही, हे मी लिहून देतो. पण माझ्या दुपारच्या हाताहून तो बरा होता. हे लिहून द्यायला मला जास्त वेळ लागला.

सुनेला मी खोटं पाडू शकलो नाही, पण एक गोष्ट मनात खुपत होती. रविवारी ती खाली आली तेव्हा म्हटलं, "तुझे मधले वीस ठीक आहेत. पण गिऱ्हाईक मधले वीस घेऊन जात नाही. चाळीस घेऊन जातं. त्या बाईंच्या घरी कुणीतरी असाच तेहतीसचा खाल्ला असेल. तुझं शास्त्र त्याला काय सांगणार? की तू मोजण्यात धरलेला नाहीस?"

ती म्हणाली, "बरोबर आहे, अब्बा. बाजूला ठेवलेले फेकायचे नसतात. तेही बघायचे, पण वेगळे. मधल्यांवरून हात कळतो. टोकाच्यांवरून त्या दिवशी काय झालं ते कळतं."

"हे तू कॉलेजात सांगतेस?"

"सांगते. पोरं लिहून घेतात, ऐकत नाहीत."

"मग पगार कशाचा घेतेस?"

ती हसली. या वेळी मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. एवढ्यात विश्वास टाकला तर उद्या ती भिंतीला टेप लावेल.

दुसऱ्या दिवशी मी सहा पत्रे केले. सातव्याला परात मुलाकडे सरकवली आणि उठलो.

"काय झालं, अब्बा? बरं वाटत नाही?"

"मला काय झालंय? सातव्यापासून तू कर."

"का?"

"सांगतो म्हणून. आणि टोकाचे दोन-तीन डोळ्याला दिसतात ते मोडून परत कर. नुसता पत्रा तोलून आत ढकलू नकोस."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून पिशव्यांखालून तो रंगीत कागद काढला, चार घड्या केल्या आणि भट्टीत टाकला. मी बघितलं, पण बघितलं असं दाखवलं नाही. कागद जळाला म्हणजे विचार जळाला असं थोडंच आहे. यंत्रवाल्याकडे आणखी कागद असतील.

त्या बाई पुढच्या वर्षी परत आल्या, तूप घेऊन. स्टूल मागितलं. मी सकाळीच त्यांचा नंबर लावला, दुसरा पत्रा. नानकटाई घेऊन गेल्या, डबा घेऊन परत आल्या नाहीत. पुण्यात याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

आता त्यालाही काही वर्षं झाली. खणाची किल्ली अजून माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मागचं दार लावून रांग मांडतो. सहाचे पाच पत्रे झाले होते, ते कुणी सांगायच्या आधी मीच केले. परवा पाचवा मोजला. मधले वीस पाच ग्रॅमवर गेले होते. काल परत मोजला, तेवढेच. म्हणून आता चार. आज चौथ्यानंतर उठलो आणि मुलाला म्हटलं, कंबर धरते, बसवत नाही. त्यानं मान हलवली.

सून आज सुट्टीमुळे खालीच होती. तिनं माझ्या कमरेकडे बघितलं, मग कुलपाकडे, मग परातीत उरलेल्या पिठाकडे. स्टूल ओढून ती मुलाच्या शेजारी बसली आणि पत्र्याला तूप लावायला लागली. तिला संशय आलाय. येऊ दे. उद्या सकाळी माझे चार पत्रे आहेत.